बसऱ्याचा आकडा आणि गावातली नावे
(कर्वेनगर, पुणे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



इराकच्या दक्षिण टोकाला, बसऱ्याजवळ, पहिल्या महायुद्धातील मृतांचे एक मोठे स्मारक आहे. १९१४ च्या अखेरीपासून ऑगस्ट १९२१ पर्यंत मेसोपोटेमियात जे सैनिक मेले आणि ज्यांच्या अंत्यस्थानाचा ठावठिकाणा लागला नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी ते बांधले गेले. १९२९ मध्ये त्याचे अनावरण झाले. या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, त्यांच्यातल्या साध्या शिपायाचेही नाव आहे. हिंदी सैन्यातील सुभेदार आणि जमादार यांचीही नावे आहेत. पण हवालदार, नाईक आणि शिपाई यांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि त्यापुढे एक आकडा एवढेच आले: अमुक पलटण, अधिक इतके हिंदी सैनिक. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे या जिल्ह्यांतून मराठा पलटणींत गेलेली माणसे त्या आकड्यांत आहेत. ज्या संस्थेने हे स्मारक उभारले, त्या कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांपेक्षा कमी दर्जाने केले गेले. किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचे स्मरण नावाने झालेच नाही, किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात म्हटले आहे. हे बहुतेक सारे आशिया आणि आफ्रिकेतले लोक होते.

या अहवालाची बातमी आपल्याकडे एक-दोन दिवस चालली आणि विरली. माझ्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची बाब वेगळी आहे. ती नावे अज्ञात नव्हती. दगडावर आकडा कोरला गेला, तेव्हा नावे नोंदवह्यांत होती. आज त्याच आयोगाच्या सूचीत बसऱ्याच्या स्मारकाखाली हिंदी शिपायांची नावे एकेक करून पाहता येतात, आणि त्यातल्या अनेकांपुढे बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. म्हणजे कोणाचे नाव कोरण्याजोगे आहे आणि कोणाची मोजदाद पुरेशी आहे, याचा निर्णय कोणीतरी घेतला होता. आपल्या पणजोबांच्या लष्करी नोकरीचा शोध घेऊ पाहणाऱ्याने हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण शोध कुठून सुरू करायचा हे त्यावर ठरते. आज मला एकच मुद्दा मांडायचा आहे. हा शोध लंडनहून सुरू करण्याचा नाही, तो गावापासून सुरू करण्याचा आहे. आणि तो एकेका घराने स्वतंत्रपणे करण्याऐवजी अख्ख्या गावाने मिळून केला, तरच तो खरा ठरतो.

वसाहतीच्या सैन्याने माणूस कागदावर कसा उतरवला, तिथून सुरुवात करू. भरती झालेल्या प्रत्येकाचा एक कागद पलटणीच्या डेपोत तयार होई. त्याला शीट रोल म्हणत. नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, उंची, अंगावरची खूण, भरतीची तारीख आणि वारस, असा त्याचा ऐवज असे. याशिवाय पलटणीची एक मोठी वही असे, तिला लाँग रोल म्हणतात. भरती झालेला प्रत्येक माणूस त्याच्या क्रमांकाने तिच्यात ओळीने लिहिला जाई. हा क्रमांक त्या पलटणीपुरता असे, सगळ्या सैन्याचा मिळून एक नव्हे. त्यामुळे घरात जपलेल्या पदकाच्या कडेवर क्रमांक आणि नाव कोरलेले असले, तरी पलटण वाचल्याशिवाय त्या क्रमांकाला अर्थ येत नाही. एकच क्रमांक दहा पलटणींत दहा माणसांना मिळालेला असू शकतो. शिपायाच्या या सगळ्या कागदात बाईचे नाव बहुधा एकाच ठिकाणी येते, ते वारस म्हणून. १९०० मध्ये महर्षी कर्व्यांनी आपला विधवांचा आश्रम हिंगण्याला, म्हणजे आपण बसलो आहोत त्याच परिसरात आणला. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत मेसोपोटेमियाच्या लढायांनी याच प्रांतातल्या कितीतरी बायकांना वैधव्य दिले. त्यांची नावे कुठे टिकली असतील तर ती या वारसाच्या रकान्यात आणि जिल्ह्याच्या तिजोरीतून निघालेल्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत. पणजोबांचा शोध घेताना पणजीचे नाव हा उत्तम दुवा ठरतो, आणि आपण बहुधा तोच विसरतो.

आता लंडनचा प्रश्न. आपल्याकडचा शिकलेला माणूस अशा शोधाला निघाला की तो आधी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे पाहतो, आणि तिथे त्याला कळते की पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे बरेचसे सेवाकागद सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात जळाले. त्यावरून तो निष्कर्ष काढतो की आपल्या माणसाचाही कागद जळाला. हा निष्कर्ष चुकीचा आहे. जळाले ते ब्रिटिश सैन्यातील शिपायांचे कागद. हिंदी शिपायाचा शीट रोल लंडनला कधी गेलाच नव्हता, तो त्याच्या डेपोत होता. लंडनला जे आहे तेही उपयोगाचे आहे, पण ते दुसऱ्या प्रकारचे आहे. तिथल्या पदकांच्या नोंदपत्रांत हिंदी सैनिकही सापडतात. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात लष्करी पत्रव्यवहार आणि पदकयाद्या आहेत. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या आहेत. पण त्या वाचताना बसऱ्याचाच न्याय पुन्हा भेटतो: गोरा अधिकारी पडला की त्याचे नाव, हिंदी शिपाई पडले की त्यांची संख्या. पलटण त्या दिवशी कुठे होती हे दैनंदिनी सांगेल, तुमचा माणूस सांगणार नाही. फ्रान्सला गेलेल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांचे सेन्सॉरने केलेले उतारे प्रसिद्ध आहेत, डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांचे संपादन केले. पण मराठा पलटणींचा मुख्य भार मेसोपोटेमियावर पडला, त्यामुळे त्या ठेव्यात आपल्या माणसांचा आवाज शोधायला जाणे फारसे फलदायी नाही. खडकीच्या सॅपर्सचा, म्हणजे सैन्यातल्या अभियांत्रिकी तुकड्यांचा, अपवाद. त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला लढल्या आणि त्यांची भयानक हानी झाली. तिथल्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे कोरलेली आहेत. युरोपच्या भूमीवर नाव आणि अरबस्तानच्या कडेला आकडा, हा भेद त्याच साम्राज्याने त्याच दशकात केला.

मेसोपोटेमियाकडे थोडे अधिक थांबून पाहावे लागेल, कारण महाराष्ट्रातील बहुतेक घरांचा धागा तिथे जातो. तिथे लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचे अधिकृत नावच पूना डिव्हिजन होते. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ती बगदादच्या दिशेने पुढे गेली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला तिला मोठी हानी सोसावी लागली, आणि मागे सरकून ती कुत-अल-अमारा या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी आणि खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या आत होत्या. अन्न संपले, पुढे घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि शेवटी सैनिक व नोकर मिळून सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती लागली. त्यांतल्या अनेकांना वाळवंटातून चालवत नेले, कित्येकांना रेल्वेच्या बांधकामावर राबवले. बाहेरून सुटकेसाठी लढणाऱ्यांत १०५ क्रमांकाची मराठा पलटण होती. म्हणून घरात ‘बसऱ्याला गेला होता’ एवढीच आठवण उरली असेल, तर पुढचा प्रश्न असा हवा: तो एप्रिल १९१६ च्या आधी गेला की नंतर? आधी गेलेला आणि कुतमध्ये सापडलेला माणूस कैद्यांच्या याद्यांत शोधावा लागतो. नंतर गेलेला माणूस त्याच पलटणीत असला तरी वेगळ्याच इतिहासाचा भाग असतो, कारण कुतमध्ये गेलेल्या पलटणी नव्या भरतीतून पुन्हा उभ्या केल्या गेल्या. क्रमांक एक, नाव एक, माणसे सगळी दुसरी.

पलटणींची नावे बदलली हीही एक मोठी अडचण आहे. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३ वी पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी. ११४ वी दहावी होऊन प्रशिक्षणासाठी राखली गेली. डेपो बेळगावला आला, आणि आजचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र तिथेच आहे. जुन्या घरांत क्रमांक विसरला जातो आणि टोपणनाव टिकते. ‘काळी पाचवी’ म्हणजे १०५ वी, आजची दुसरी बटालियन. ‘जंगी पलटण’ म्हणजे १०३ वी, आजची पहिली. एवढे कळले तरी शोधाचा अर्धा रस्ता सरतो. पण सगळेच मराठी सैनिक मराठा पलटणींत नव्हते. पायोनियर पलटणी होत्या, सॅपर्स होते, खेचरांच्या आणि रसदीच्या तुकड्या होत्या. शिवाय साडेपाच लाखांहून अधिक हिंदी माणसे या युद्धात न लढणाऱ्या कामांवर होती: स्वयंपाकी, भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले, मजूर. या लोकांच्या नोंदी सर्वांत कच्च्या आहेत. ब्रिटिश युद्धपदक सैनिकांना चांदीचे मिळाले आणि यांपैकी अनेकांना काशाचे. घरात काशाचे पदक असेल तर कृपा करून ते हलके समजू नका. पणजोबा कोणत्या विभागात होते याचा तो पक्का पुरावा आहे.

गावाचे नाव हाती असले तरी नकाशा आजचा चालत नाही. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. सांगली नावाचा जिल्हा १९६० पूर्वी नव्हता, त्याची बरीच गावे साताऱ्यात होती आणि काही संस्थानांत. कोल्हापूर, सावंतवाडी, फलटण, औंध, भोर, जत ही संस्थाने होती, मराठवाडा निजामाकडे होता, विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. खेड तालुका पुण्यातही होता आणि रत्नागिरीतही. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेल्या गावाच्या नावात मात्रा इकडची तिकडे झालेली असते, वाडीचे नाव गाव म्हणून आलेले असते, पवार आणि पोवार, घाडगे आणि घाटगे यांची अदलाबदल झालेली असते. सूचीत नाव मिळाले नाही म्हणून माणूस नव्हता असे ठरवणे घाईचे होईल, आणि नाव मिळाले म्हणून तोच आपला माणूस असे ठरवणे त्याहून घाईचे. गणपत, सखाराम, रामा, तुकाराम ही नावे एका तालुक्यात शेकड्यांनी होती.

इथेच माझ्या मुख्य मुद्द्याचा कस लागतो. नाव, बापाचे नाव, गाव आणि पलटण या चार गोष्टींपैकी तीन जुळल्याशिवाय नोंद आपली मानू नये, एवढी शिस्त प्रत्येक घराने पाळली तरी चूक होऊ शकते, कारण घराला आपलाच माणूस हवा असतो. इच्छा पुराव्याला वाकवते. पण गावातली सगळी घरे एकत्र बसली, तर दोन घरांनी एकाच नोंदीवर हक्क सांगितला की तो तिथल्या तिथे उघडा पडतो. ज्या घराचा वंश खुंटला, ज्याचे कोणी शोधायला उरलेच नाही, त्याचा माणूसही यादीत येतो. एकेका घराच्या शोधात तो कायमचा बाहेर राहिला असता. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. महायुद्धानंतर सरकारने या प्रांतातील पुष्कळ गावांत दगडी पाट्या बसवल्या: या गावातून इतकी माणसे युद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले असे सांगितले जाते, आणि गावाच्या नावातच ती ओळख राहिली आहे. या पाट्यांवरही बहुधा आकडाच आहे, नावे नाहीत. पण ज्या आकड्याने नावे पुसली, तोच आकडा आज आपल्याला तपासणीसाठी वापरता येतो. पाटी म्हणते साठ गेले आणि गावाच्या यादीत एकोणचाळीस भरले, तर एकवीस अजून सापडायचे आहेत हे कळते. यादी सत्तरांवर गेली, तर शेजारच्या गावची माणसे शिरली किंवा एकच माणूस दोनदा आला, हे कळते. घराच्या शोधाला अशी कोणतीही कसोटी नसते. पाटीचा आकडा अधिकाऱ्यांनी घाईने लिहिला असेल, तो चुकीचाही असेल, हे मला मान्य आहे. पण चुकीची शक्यता असलेली कसोटीही, कसोटी नसण्यापेक्षा बरी.

गावाकडे साधनेही आहेत, आणि ती परदेशातल्या कोणत्याही संशोधकाला मिळणार नाहीत. कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, फेरफाराच्या नोंदी, शाळेचे जुने दाखले. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या वंशावळ सांगत फिरणारे हेळवी, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, कोकणातले कुलवृत्तांत. माणूस १९१६ मध्ये परदेशी मेला, तर गावात त्याच्या नावाने मृत्यूची नोंद नसेल. पण जमिनीच्या फेरफारात त्याचे नाव कमी होऊन बायकोचे किंवा भावाचे लागलेले असेल, आणि त्या फेरफाराला तारीख असते. त्या तारखेपासून मागे जाऊन पलटणीच्या हानीच्या तारखांशी मेळ घालता येतो. एवढे काम लंडनमध्ये बसून कोणी करणार नाही.

आता आक्षेपांकडे वळतो, आणि त्यातला सर्वांत गंभीर आधी घेतो. ही माणसे साम्राज्याची चाकर होती, महिना ११ रुपयांसाठी दुसऱ्याचे राज्य राखायला गेली, तिसऱ्याच्या देशात घुसली. त्यांची यादी करून आपण गौरव कशाचा करणार? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. लोकमान्यांनीही युद्धकाळात भरतीला पाठिंबा दिला, पण त्याच्या मोबदल्यात स्वराज्याचा प्रश्न ठेवला, आणि जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी तो मांडू दिला नाही तेव्हा ते सभात्याग करून बाहेर पडले. म्हणजे हा पेच त्या काळीही कोणाला न कळणारा नव्हता. माझे उत्तर असे की नोंद आणि गौरव या वेगळ्या गोष्टी आहेत. गौरव करावा की नाही हे ठरवायलासुद्धा कोण गेले, कोणत्या गावातून, कोणत्या वर्षी, कोणत्या दुष्काळात, हे माहीत असावे लागते. आकड्याशी वाद घालता येत नाही. नावाशी घालता येतो. साम्राज्याने त्यांना आकडा केले आणि आपण त्यांना राष्ट्रीय अडचण समजून विसरलो, तर त्या दगडावरचा निर्णय आपणही कायम केला असे होईल.

आणि नाव टिकल्याने काय होते याचा दाखला पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. मारल्या गेलेल्या ४९ जणांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, आणि त्यावरून ते महार होते हे ओळखता आले. सरकारने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी जे अर्ज केले, त्यांचा आधार जुन्या लष्करी नोकरीचा इतिहास हाच होता. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला त्या स्तंभापाशी गेले. त्या दगडावर ‘आणि इतर ४९’ एवढेच असते, तर हा सगळा पुढचा इतिहास कशाच्या आधारावर उभा राहिला असता? कंपनी सरकारने जे केले ते शंभर वर्षांनंतरच्या सरकारने बसऱ्याला केले नाही. महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. ज्या पलटणीला आजचा थेट वारस नाही, तिच्या माणसांचा शोध सर्वांत अवघड असतो, कारण त्यांची वही कोणत्या कपाटात गेली हे विचारायला केंद्रच नसते. म्हणून गावयादी करताना महारवाड्यातून सुरुवात करावी असे मी आग्रहाने म्हणतो. पराक्रमाच्या याद्या जातीच्या अभिमानाला खतपाणी घालतील, हा आक्षेप मला माहीत आहे, आणि एका जातीची यादी केली तर तो खराही ठरेल. गावाची यादी केली तर एकाच पाटीखाली मराठा, महार, मुसलमान, मांग, न्हावी, भिस्ती, सगळे येतात. मराठा पलटणींतच दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. कागद उरले आहेत का? पुष्कळ उरलेले नाहीत. पेन्शन न मिळालेल्या सैनिकाचा सेवाकागद ठरावीक मुदतीनंतर, आजच्या नियमानुसार २५ वर्षांनी, नष्ट केला जातो. पण लाँग रोल कायम ठेवायचा असतो, आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणासमोर आलेल्या प्रकरणांत लष्कराच्या अभिलेख कार्यालयांनी हेच वारंवार सांगितले आहे: मूळ कागद नष्ट झाले, लाँग रोलमधली ओळ तेवढी आहे. एक ओळ थोडी वाटते. पण नाव, क्रमांक, भरतीची आणि सुटण्याची तारीख एका ओळीत मावते, आणि गावयादीला लागते ते तेवढेच. कायद्याचीही आडकाठी नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, राष्ट्राची सुरक्षितता, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढे अपवाद वगळता, द्यावी लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या शिपायाच्या गावाचे नाव या तिन्हींपैकी कशातही बसत नाही. अभिलेख कार्यालयाला आजच्या सैनिकांची आणि विधवांची कामे आधी आहेत, हे मात्र न्याय्य आहे. म्हणूनच शंभर घरांनी शंभर अर्ज पाठवण्यापेक्षा गावाने एक अर्ज पाठवावा, त्यात पलटणवार नावे लावून द्यावीत, म्हणजे वही एकदाच उघडावी लागेल.

हे काम आवाक्याबाहेरचे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी पंजाबकडे पाहावे. लाहोर संग्रहालयात पंजाबच्या महायुद्धातील भरतीच्या नोंदवह्या पडून होत्या, सुमारे २६ हजार पाने आणि तीन लाखांहून अधिक माणसे, गावनिहाय. ब्रिटनमधील पंजाबी मंडळींची एक वारसा संस्था आणि ग्रीनिच विद्यापीठ यांनी त्या प्रतिमांकित केल्या आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिल्या तीन जिल्ह्यांच्या नोंदी लोकांना खुल्या झाल्या. दिल्लीची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन महायुद्धातील हिंदी सहभागावर अनेक वर्षे काम करते आहे. आणि आपल्याच राज्यात २०२३ पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात महसुली, शैक्षणिक आणि मोडी लिपीतील कोट्यवधी जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. त्या कामामागच्या राजकीय वादाशी आज मला कर्तव्य नाही. पण मोडी वाचणारे लोक आहेत, जुनी दप्तरे उघडता येतात आणि शासनाला ती वेळेत उघडावीशी वाटू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. इच्छा होती तिथे कागद सापडले.

तिसरा आक्षेप नेहमी सौम्य शब्दांत येतो: शौर्यपदके मिळवलेल्यांची नावे तर माहीत आहेतच की. खरे आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांच्यासाठी कोणाला शोध घ्यावा लागत नाही. पण युद्ध त्यांच्यासारख्या मोजक्या माणसांचे नव्हते. सुमारे तेरा लाख हिंदी माणसे पहिल्या महायुद्धात समुद्रापार गेली, चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास मेली. कॉमनवेल्थ आयोगाच्या सूचीत फक्त मृत आहेत. परत आलेले बारा लाख कोणत्याच स्मारकात नाहीत, आणि आपले बहुतेकांचे पूर्वज याच परत आलेल्यांत आहेत. ते परत आले म्हणून तर पुढची पिढी झाली. त्यांच्यासाठी मृतांची सूची निरुपयोगी आहे. पदकाची कड, डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक आणि लाँग रोल हेच त्यांचे मार्ग. कर्वेनगरपासून फार दूर नाही, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची सुदान ब्लॉक ही मुख्य इमारत दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी पडलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने दिलेल्या देणगीतून उभी राहिली. कृतज्ञतेपोटी एक देश दुसऱ्या देशाला इमारत देऊ शकतो. नावांची यादी मात्र ज्याची माणसे होती त्यालाच करावी लागते.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ गाव सातारा, कोकण, मावळ, नगर, सोलापूर यांपैकी कुठेतरी आहे. या दिवाळीत गावी जाल तेव्हा आधी पाटी शोधा. ती चावडीत असेल, जुन्या शाळेच्या भिंतीत असेल, देवळाच्या ओवरीत चुन्याखाली असेल. तिच्यावरचे आकडे लिहून घ्या आणि तिला तेलरंग फासू देऊ नका. घरोघरची पदके ज्याची त्याच्या घरीच राहू द्या, फक्त कडेवरचा मजकूर उतरवून घ्या. मोडीत काढलेली पितळी भांडी विकताना कोणी ब्रिटानियाचे चित्र असलेली काशाची गोल तबकडी काढली, तर ती विकू देऊ नका: तिच्यावर एका मृत माणसाचे नाव आहे, हुद्द्याशिवाय, आणि कदाचित ते जगात दगडावर किंवा धातूवर दुसरीकडे कुठेही नाही. नाव, बापाचे नाव, बायकोचे नाव, गाव, पलटण अशी गावाची यादी करून ग्रामसभेत वाचून दाखवा, हरकती घ्या, दुरुस्त करा. मग तिची एक प्रत बेळगावच्या केंद्राकडे, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे आणि एक पुण्यातल्या सैनिक कल्याण विभागाकडे पाठवा. तुमच्यात कोणाला मोडी येत असेल, तर त्याने या कामासाठी वर्षातले थोडे दिवस द्यावेत, अशी माझी हात जोडून विनंती आहे.